कोणते शोकेस, कोणासाठी? अमेरिकी कॉलेज बेसबॉलच्या निवडीचे गणित

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ (एनसीएए ही अमेरिकी कॉलेज खेळांची मुख्य संघटना) या खटल्यातील तडजोडीवर शिक्कामोर्तब केले, तेव्हा अमेरिकेतील विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील, हीच मोठी बातमी ठरली. शाळेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरी मात्र त्याच तडजोडीतील एक लहानसे कलम जास्त जिव्हाळ्याचे होते. ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठाला बेसबॉलच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या अधिकृत यादीत, यापुढे ३४ पेक्षा अधिक खेळाडू ठेवता येणार नाहीत.

जागांची ही टंचाई एका दिवसात आलेली नाही. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदवही, म्हणजे ‘ट्रान्सफर पोर्टल’, २०१८ मध्ये सुरू झाली. पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट २०२१ मध्ये बेसबॉलमधूनही गेली, आणि अठरा वर्षांच्या नवख्या मुलापेक्षा एकवीस वर्षांचा मुरलेला खेळाडू घेणे अनेक प्रशिक्षकांना सोयीचे वाटू लागले. त्यात व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीच्या, म्हणजे ड्राफ्टच्या, ४० फेऱ्यांच्या २० झाल्या, आणि पूर्वी शाळेतूनच व्यावसायिक करार करणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले आता कॉलेजकडे वळतात.

जागा आटल्या, तशी जागा मिळवून देण्याची आशा दाखवणाऱ्या कार्यक्रमांची, म्हणजे शोकेसची, जाहिरात वाढली. अमेरिकेतील एडिसन, फ्रीमॉन्ट किंवा प्लेनो येथील मराठी घरांत, जिथे आईवडिलांनी क्रिकेट पाहत बालपण घालवले आणि मुलगा मात्र बेसबॉलच्या मैदानावर शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, उभा राहतो, तिथे ही जाहिरात विशेष गोंधळात टाकते. मुंबईतील हॅरिस शील्ड, गाइल्स शील्डसारख्या स्पर्धांत शाळेकडून धावा केल्या की नाव होते आणि निवडीची वाट उघडते, हा त्यांच्या मनातला नकाशा इथे लागू पडत नाही.

शोकेस म्हणजे नेमके काय

शोकेस हा सामना नव्हे आणि प्रशिक्षण शिबिरही नव्हे. कॉलेजचे प्रशिक्षक आणि व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, यांच्यासमोर खेळाडूंची मापे घेण्याचा तो कार्यक्रम असतो. दिवसाची सुरुवात बहुधा बाहेरच्या हिरवळीवर ६० यार्डांच्या धावण्याने होते. दोन-दोन मुले एकदम सुटतात आणि शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच किंवा प्रकाशकिरणाचे यंत्र वेळ टिपते. मग प्रत्येक जण आपापल्या जागेवरून फेक करतो आणि रडार गन तिचा वेग मोजते. कॅचरच्या, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टीरक्षकासारख्या खेळाडूच्या, बाबतीत चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये आपटल्यापासून दुसऱ्या बेसवरील खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोहोचेपर्यंतचा काळ, म्हणजे पॉप टाइम, नोंदवला जातो. त्यानंतर फलंदाजी असते आणि तिच्यात बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग मोजतात. शेवटी एक छोटा सामना होतो, ज्यात पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, एखाद-दोन इनिंग मिळतात.

शाळेच्या सामन्यांवरूनच निवड का होत नाही, हा प्रश्न इथे साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर वेळापत्रकात आहे. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि ओमाहा येथील कॉलेज वर्ल्ड सिरीजने जूनमध्ये संपतो. शाळांचा हंगामही वसंतातलाच असल्यामुळे, मुलगा शाळेसाठी उत्तम खेळत असतो तेव्हा प्रशिक्षक स्वतःच्या संघाबरोबर प्रवासात असतात. त्यांना मोकळीक मिळते ती उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत, आणि शोकेसचा व सशुल्क खासगी संघांच्या स्पर्धांचा, म्हणजे ट्रॅव्हल बॉलचा, सारा व्यवसाय याच फटीत उभा राहिला आहे. पर्फेक्ट गेम ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित संस्था जेरी फोर्ड यांनी १९९० च्या दशकात आयोवात सुरू केली, कारण कडक हिवाळ्याच्या त्या राज्यातील मुलांना पाहायला कोणी फिरकत नसे.

मेळाव्यात जाण्यापूर्वीची ओळख

शोकेसची निवड चुकते ती बहुतेक वेळा एका गैरसमजामुळे. मुलगा तिथे चमकला की कोणीतरी त्याला हेरेल, असे पालकांना वाटते. वधू-वर परिचय मेळाव्याला जाऊन आलेल्यांना यातली गोम लवकर कळेल. तिथे शेकडो नावे पुकारली जातात, प्रत्येकाला व्यासपीठावर मिनिटभर मिळते, आणि पुढची बोलणी बहुधा त्यांचीच होतात ज्यांची माहितीपुस्तिका समोरच्यांनी आधीच वाचून पानाचा कोपरा दुमडून ठेवलेला असतो. कॉलेजचा प्रशिक्षकही मैदानावर येतो तेव्हा त्याच्या हातात पाहायच्या मुलांची यादी असते. अनोळखी मुलाने अचानक ताशी ९४ मैलांनी चेंडू टाकला तर मान वळते, यात शंका नाही. परंतु तसे मूल शोकेसला गेले नसते तरी फार काळ लपून राहिले नसते. बाकीच्यांना शोकेसचा उपयोग होतो तो आधी जागवलेली उत्सुकता पक्की करण्यासाठी.

म्हणून विचार उलट्या दिशेने करावा लागतो: आधी कॉलेजांची यादी, मग त्या कॉलेजांचे प्रशिक्षक कुठे जातात याचा शोध, आणि सर्वांत शेवटी कार्यक्रमाची निवड. बहुतेक घरांत याच्या नेमके उलट होते. आकर्षक ईमेल येते, पैसे भरले जातात, आणि विमानात बसल्यावर विचार सुरू होतो की तिथे कोण येणार आहे.

यादी करायची तरी कशी

अमेरिकेत कॉलेज बेसबॉल म्हणजे फक्त दूरदर्शनवर दिसणारी विद्यापीठे नव्हेत. एनसीएए या मुख्य संघटनेचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात सुमारे ३००, दुसऱ्यात सुमारे अडीचशे आणि तिसऱ्यात पावणेचारशेच्या वर बेसबॉल संघ आहेत; शिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे, आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांचे शेकडो संघ आहेत. शाळेकडून बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी एनसीएएच्या कोणत्या ना कोणत्या विभागात सात-आठ पोहोचतात आणि पहिल्या विभागात जेमतेम दोन, असे एनसीएएचेच अंदाज सांगतात.

मुलगा कोणत्या स्तरावर बसतो हे ठरवताना आईवडिलांचे मत कुचकामी असते, आणि पैसे घेऊन शिकवणाऱ्या खासगी प्रशिक्षकाचे मतही पूर्णपणे निर्लेप नसते. आकडे त्यापेक्षा विश्वासार्ह. ढोबळ मानाने सांगायचे तर ६० यार्ड सात सेकंदांच्या आत धावणे आणि कॅचरचा पॉप टाइम दोन सेकंदांच्या आसपास असणे ही दखल घेण्याजोगी मापे आहेत. पहिल्या विभागातील बड्या संघांकडे जाणारे उजव्या हाताचे पिचर ताशी ९० मैलांच्या आगेमागे टाकतात. डावखुऱ्या पिचरला दोन-तीन मैलांची सूट मिळते, कारण ते मुळातच दुर्मिळ असतात.

याहून बोलका पुरावा मात्र फुकट उपलब्ध आहे, आणि त्याकडे फार थोडे पालक पाहतात. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर संघाची यादी असते. तिच्यात खेळाडूची उंची, वजन, गाव आणि आधीचे कॉलेज दिलेले असते. एका संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून मनातल्या पाच कॉलेजांच्या याद्या उघडाव्यात. दुसऱ्या बेसवर उभा राहणारा मुलगा सहा फूट एक इंचाचा आहे का, त्या जागेवर पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे किती जण आहेत, ‘आधीचे कॉलेज’ हा रकाना किती जणांच्या नावापुढे भरलेला आहे, हे मोजावे. ज्या संघात निम्म्याहून अधिक मुले इतर कॉलेजांतून आलेली आहेत, तो संघ शाळकरी मुलांवर फारशी मदार ठेवत नाही, हे कोणी वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

कार्यक्रमांच्या जाती

यादी झाली की कार्यक्रमांचा बाजार बराच सोपा दिसू लागतो. राज्यस्तरीय एकदिवसीय शोकेस, ज्यांत प्रेप बेसबॉल ही संस्था ठिकठिकाणी आघाडीवर आहे, मुख्यतः मापे घेऊन ती ऑनलाइन प्रसिद्ध करतात. तिथे प्रशिक्षक थोडे असले तरी हरकत नाही, कारण हेतू त्रयस्थाकडून आकडे मिळवण्याचा असतो. खर्च साधारण दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात असतो आणि मुक्कामाची गरज नसते. सुरुवात इथूनच करावी, असे माझे मत आहे.

राष्ट्रीय पातळीवरचे मोठे कार्यक्रम हे वेगळेच प्रकरण आहे. एरिया कोड गेम्स किंवा ईस्ट कोस्ट प्रो हे निवडक मुलांचे कार्यक्रम असून तिथे मुख्य प्रेक्षक व्यावसायिक स्काउट असतात. जॉर्जियातील लेकपॉइंट संकुलात उन्हाळ्यात आणि फ्लोरिडातील ज्युपिटर येथे ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या पर्फेक्ट गेमच्या स्पर्धा ट्रॅव्हल संघांच्या असतात. ज्युपिटरला स्काउट आणि प्रशिक्षक गोल्फ कार्टमधून एका मैदानावरून दुसऱ्यावर पळत असतात, आणि एखादा नामांकित पिचर वॉर्म-अप करू लागला की पंचवीस-तीस कार्ट त्या कुंपणाला येऊन भिडतात. शेजारच्या मैदानावर त्याच वेळी उत्तम खेळणाऱ्या मुलाकडे मग कोणाचेच लक्ष नसते.

तिसरी जात अभ्यासात पुढे असलेल्या मुलांसाठीची. हेडफर्स्ट या संस्थेच्या ऑनर रोल शिबिरांत कठीण प्रवेशाच्या कॉलेजांचे प्रशिक्षक स्वतः मैदानावर उतरून सराव घेतात आणि सामन्यांत संघ सांभाळतात, त्यामुळे त्यांना मुलगा दोन दिवस जवळून दिसतो. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, एमरी, टफ्ट्स, अॅमहर्स्ट ही सारी तिसऱ्या विभागात खेळतात. ज्या घरांत दहावी-अकरावीचे गुणपत्रक बॅटिंगच्या सरासरीपेक्षा सरस आहे (आणि आपल्या लोकांत अशी घरे पुष्कळ आहेत), तिथे हजार डॉलरच्या आसपासचा हा खर्च राष्ट्रीय शोकेसपेक्षा अधिक सार्थकी लागण्याची शक्यता आहे. अशा काही कॉलेजांत अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात प्रशिक्षक मुलाचे गुणपत्रक प्रवेश कार्यालयाकडून आधीच तपासून घेऊ शकतो. तेव्हा त्याला मुलगा त्या उन्हाळ्याच्या आतच माहीत असायला हवा.

चौथी जात म्हणजे कॉलेजने स्वतःच्या मैदानावर घेतलेले शिबिर. ज्या कॉलेजात खरोखर जायचे आहे, तिथले शिबिर मला इतर कशाहीपेक्षा उजवे वाटते, कारण निर्णय घेणारी माणसे तिथे दिवसभर हजर असतात आणि मुलालाही वसतिगृह, मैदान व प्रशिक्षकांची बोलण्याची रीत पाहता येते. मात्र त्यात एक मेख आहे.

‘आमंत्रण आले आहे, म्हणजे त्यांना मुलगा हवा आहे ना?’

बहुधा नाही. एनसीएएच्या नियमानुसार कॉलेजचे शिबिर वय, इयत्ता, संख्या अशा मोजक्या मर्यादा सोडल्यास कोणालाही खुले ठेवावे लागते. याचा सरळ अर्थ असा की ‘खास निवडक खेळाडूंसाठी’ अशी भाषा असलेले पत्र हजारो जणांना गेलेले असू शकते, आणि ज्याला ते गेले नाही तोही पैसे भरून येऊ शकतो. शिबिरांच्या उत्पन्नावर सहायक प्रशिक्षकांच्या मिळकतीचा काही भाग अवलंबून असतो. पहिल्या विभागात तर २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत प्रत्येक बेसबॉल संघात एक ‘स्वयंसेवक’ सहायक असे, ज्याला कॉलेजने पगार देण्यास मनाई होती आणि ज्याचे घर मोठ्या प्रमाणात शिबिरांवर चाले. यात लबाडी आहे असे नाही. पण पत्र कोणत्या गरजेतून निघते, हे वाचणाऱ्याने ओळखावे.

खरी उत्सुकता ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रशिक्षकाने मुलाच्या एखाद्या विशिष्ट सामन्याचा, फेकीचा किंवा व्हिडिओचा उल्लेख केला आहे का, त्याच्या शाळेच्या वा ट्रॅव्हल संघाच्या प्रशिक्षकाला फोन केला आहे का, हे पाहावे. पत्रात मुलाचे नाव काढून दुसऱ्याचे घातले तरी मजकूर तसाच राहत असेल, तर ते परिपत्रक समजावे.

‘मग आयोजकांचा दावा तरी खरा मानावा का?’

जाहिरातीत बहुधा शंभरेक कॉलेजांची बोधचिन्हे असतात. आयोजकांना दोनच प्रश्न लेखी विचारावेत: गेल्या वर्षी याच वयोगटाच्या दिवशी प्रत्यक्ष कोण आले होते, आणि यंदा कोणाची उपस्थिती निश्चित आहे. बोलावलेले आणि आलेले यांत पुष्कळ अंतर असते. चांगले आयोजक यादी देतात. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

तारखेकडेही पाहावे. एनसीएएच्या दिनदर्शिकेत ‘क्वाएट पीरियड’ नावाचा काळ असतो, ज्यात पहिल्या विभागाचे प्रशिक्षक स्वतःच्या आवाराबाहेर जाऊन मुलांना पाहू शकत नाहीत. हिवाळ्याचा बराचसा भाग त्यात जातो. नेमक्या तारखा दर वर्षी संघटनेच्या संकेतस्थळावर तपासाव्या लागतात. जानेवारीत बंदिस्त सभागृहात होणाऱ्या कार्यक्रमाने पहिल्या विभागाच्या प्रशिक्षकांच्या उपस्थितीचा मोघम दावा केला, तर तो दावा नियमांशी ताडून घ्यावा.

‘आम्ही ईमेल केली, पण कोणी उत्तर देत नाही’

याचे कारण कित्येकदा नियमच असतो. अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टच्या आधी पहिल्या विभागाचा बेसबॉल प्रशिक्षक मुलाशी निवडीसंबंधी वैयक्तिक पत्रव्यवहार किंवा फोन करू शकत नाही. वाचू मात्र शकतो, आणि नोंद ठेवू शकतो. तिसऱ्या विभागावर पत्रव्यवहाराच्या तारखेचे असे बंधन नाही, म्हणून तिथून उत्तरे लवकर येतात.

ईमेल मुलाने स्वतः लिहावी. वडिलांनी लिहिलेली लगेच ओळखू येते. कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी पहिली पाठवावी: जन्मवर्ष, शाळा संपण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, उंची-वजन, मोजलेले आकडे, शालेय गुण, ओळख देऊ शकेल अशा प्रशिक्षकाचा संपर्क आणि दोन मिनिटांहून लहान व्हिडिओ. दुसरी त्याच आठवड्यात, जिच्यात जर्सीचा क्रमांक, मैदान आणि वेळ असेल. आधी एकही ओळ न पाठवता मुलाला दूरच्या शोकेसला नेणे म्हणजे पैशांची नासाडी आहे, हे मी जरा कठोरपणेच म्हणेन.

‘शिष्यवृत्ती मिळाली की खर्च वसूल होईल’

अनेक वर्षे पहिल्या विभागातील बेसबॉल संघाकडे एकूण ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम असे आणि ती २७ खेळाडूंपर्यंत वाटली जाई. नव्या व्यवस्थेत सर्व ३४ जणांना शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे, परंतु मुभा असणे आणि तिजोरीत पैसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पूर्ण रक्कम उभी करणारी विद्यापीठे मोजकीच असतात. दुसऱ्या विभागात संघामागे नऊ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे. तिसऱ्या विभागात आणि आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. तिथे मदत मिळते ती कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार, आणि काही कॉलेजांत अभ्यासातील गुणवत्तेवर. गणिताच्या शिकवणीला चार पैसे जास्त गेले तर ते शोकेसपेक्षा लवकर परत येतील, हे विधान खेळप्रेमी वडिलांना रुचणार नाही, पण हिशेब तसाच निघतो.

पिचरच्या घरी वेगळा विचार

क्षेत्ररक्षक दोन शोकेसऐवजी चार ठिकाणी गेला तर बहुतांशी पैशांचेच नुकसान होते. पिचरचे तसे नाही. शोकेसमध्ये त्याला मोजके चेंडू मिळतात, समोर रडार गनची रांग असते, आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकण्याचा मोह आवरत नाही. मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च व्यावसायिक लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगाचा हव्यास आणि दर चेंडूला लावलेला संपूर्ण जोर ही प्रमुख कारणे म्हणून पुढे आली, आणि शालेय वयातील वर्षभर चालणाऱ्या शोकेसचा उल्लेखही त्याच संदर्भात झाला.

याच संस्थेने यूएसए बेसबॉलबरोबर तयार केलेल्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक सूचना संगणकात जपून ठेवाव्यात. १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ आणि १७-१८ वर्षांच्याने १०५ चेंडू टाकावेत, वर्षातून किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद ठेवावे, आणि त्यांतले दोन-तीन महिने सलग खांद्यावरून कोणतीही फेक करू नये, असे त्या सांगतात. जून ते ऑक्टोबर ट्रॅव्हल संघाकडून खेळलेल्या पिचरसाठी डिसेंबर-जानेवारीचा वेग मोजणारा कार्यक्रम म्हणूनच वर्ज्य मानावा. शरद ऋतूतील एखाद्या सामन्याचा, कॅचरच्या मागून घेतलेला आणि रडारचा आकडा दिसणारा व्हिडिओ त्या महिन्यांत पुरेसा असतो.

उन्हाळा संपला आणि कोणी विचारले नाही तर

राज्यस्तरीय मापे, यादीशी जुळणारे एक-दोन कार्यक्रम आणि मनापासून हव्या असलेल्या कॉलेजांची दोन शिबिरे, एवढे अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत नीट पार पडले असेल आणि तरीही प्रतिसाद नसेल, तर आणखी शोकेस शोधण्यापेक्षा यादी बदलावी. जिथून उत्तर आले नाही त्या स्तराच्या एक पायरी खाली दहा कॉलेजे शोधावीत आणि तीच ईमेल, ताज्या आकड्यांसह, पुन्हा पाठवावी. बारावीच्या शरद ऋतूतही तिसऱ्या विभागात आणि एनएआयएत जागा उरलेल्या असतात.

ज्युनियर कॉलेजकडे आपल्याकडे नाक मुरडले जाते, त्याला बेसबॉलमध्ये तरी आधार नाही. न्यू जर्सी राज्याच्या ग्लॉस्टर काउंटीतील रोवन कॉलेज ऑफ साउथ जर्सीच्या संघाने ज्युनियर कॉलेजांच्या तिसऱ्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद एकाहून अधिक वेळा जिंकले आहे, आणि अशा संघांतून दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात जाणारी मुले त्याच ट्रान्सफरच्या वाटेने येतात जिने आज शाळकरी मुलांच्या जागा घेतल्या आहेत. तिथल्या प्रशिक्षकाला भेटण्यासाठी बहुतेक वेळा शोकेसची गरजही पडत नाही. मुलाने फोन करून सरावाला येऊ का असे विचारले, तर पुष्कळदा पुढच्या आठवड्याची वेळ मिळते.